चार बोटं खाली

पाचव्या दिवशी सकाळी हॉटेलची लिफ्ट बंद होती. दाराला दोरीनं पाटी बांधलेली, 'तपासणी पूर्ण झालेली नाही. कृपया जिना वापरा.' आमची खोली पाचव्या मजल्यावर, बायकोचा डावा गुडघा दोन दिवसांपासून धरलेला, आणि तिला आज पूल, बाग आणि मनोरा असं सगळं एका दमात उरकायचं होतं. पाटी वाचून ती म्हणाली, "बघा, आपल्याकडे असती तर चालू ठेवली असती." सुट्टीचे चार दिवस तिचं हेच चाललं होतं, इथे असं आहे आणि आपल्याकडे तसं आहे, आणि दर वेळी हार आपल्याच शहराची. इथल्या बसगाड्या वेळेवर येतात. इथले फुटपाथ चालण्यासाठी आहेत. इथे बागेतल्या बाकांना पाठी आहेत. मी आपल्या शहराचं वकीलपत्र घेतल्यासारखा चार दिवस भांडत होतो. इथली माणसं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत, म्हणालो, आपल्याकडे पत्ता विचारला तर तिघं धावून येतात. "हो, आणि तिघं तीन दिशा दाखवतात," ती म्हणाली. आज मात्र, गुडघ्यापायी का होईना, ती पहिल्यांदाच आपल्या शहराच्या बाजूनं बोलली होती. मला बरं वाटायला हवं होतं. उलट ती पाटी मी पुन्हा पुन्हा वाचली, आणि का वाचली हे मला जिन्याचा पहिला टप्पा उतरेपर्यंत कळलं नाही. कळलं तेव्हा मी कठड्याला धरून थांबलो. "तुम्हाला काय झालं? गुडघा माझा धरलाय," बायको म्हणाली. काही नाही, चल, म्हणालो.

मी लिफ्ट तपासतो. सव्वीस वर्षं सरकारी तपासनीस आहे. माझ्या वाट्याला शहराचा जो भाग आलाय त्यातल्या प्रत्येक लिफ्टमध्ये काचेमागे एक कार्ड असतं, आणि त्यावर दर तीन महिन्यांनी माझी सही होते. निघतानाच मी बायकोला बजावलं होतं, कुणी विचारलं तर सरकारी नोकरी एवढंच सांग. लिफ्टचं नाव काढलं की जो तो आपल्या घरच्या लिफ्टचं रडगाणं सुरू करतो, आणि सुट्टीत मला ते नको होतं. खरं म्हणजे मला लिफ्टच नको होती. चार दिवस मी त्या हॉटेलच्या लिफ्टमध्ये दाराकडे तोंड करून उभा राहिलो आणि आतल्या कार्डाकडे एकदाही बघितलं नाही. आपण का बघत नाही, हेही स्वतःला विचारलं नाही. माणूस स्वतःपुरता फार हुशार असतो.

तळमजल्यावर आलो तर लिफ्टचं दार उघडं आणि उंबऱ्याशी एक बाई पालथी पडलेली. चाळिशीची असेल. अंगात निळा डगला, दातांत टॉर्च, हातात पोलादी पट्टी. जमिनीच्या पातळीपेक्षा केबिन जरा खाली थांबली होती आणि ती त्या फटीत पट्टी उभी धरून बघत होती. केबिनमध्ये माणसांऐवजी लोखंडी वजनं रचलेली होती. ती उठली, लिफ्ट वर पाठवली, खाली आणली, पुन्हा पालथी पडली. पाहुणे सामानाच्या पेट्या ओढत तिला वळसा घालून जात होते, आणि हॉटेलचा माणूस वही घेऊन मुकाट्यानं उभा होता. त्यानं एकदाही घड्याळ बघितलं नाही, चहा मागवू का विचारलं नाही. बायको गुडघा चोळत कोचावर बसली होती. मला निघून जायला काय झालं होतं? पण मी तिथेच घुटमळलो, आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "किती आहे?"

"अडतीस मिलिमीटर," ती टॉर्च काढून म्हणाली.

"म्हणजे दोन बोटं. दोन बोटं काही फार नाही."

तिनं पडल्यापडल्याच मान वळवून माझ्याकडे बघितलं. "कुणाची बोटं?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता. कुठली बस, असं विचारावं तसं तिनं ते विचारलं होतं, आणि उत्तराची वाटही बघत होती. मी हात खिशात घातले. "असंच आपलं," म्हणालो आणि बायकोला घेऊन बाहेर पडलो.

आमच्या खात्यात सगळं बोटांवर चालतं. पट्टी प्रत्येकाच्या पिशवीत असते, पण पट्टी लावायची म्हणजे पालथं पडावं लागतं, आणि साहेबानं वॉचमनच्या पायाशी पालथं पडायचं हे काही कुणाला पटलेलं नाही. म्हणून जरा वाकायचं आणि फटीत बोटं घालायची. दोन बोटं असली तर ठीक. तीन असली तर शेरा मारायचा. चार असली तर लिफ्ट बंद. आमच्या एका साहेबांची बोटं इतकी जाड होती की त्यांच्या विभागात वीस वर्षांत एकही लिफ्ट बंद पडली नाही. हा किस्सा आम्ही नव्यांना हसत हसत सांगतो. मीच कितीदा सांगितलाय. त्या सकाळी पुलाकडे चालताना तो मला आठवला आणि पहिल्यांदाच मला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही. पुलाखालचं पाणी स्वच्छ होतं. बायको म्हणाली, "आपल्याकडची नदी आठवा." मी नदी आठवत नव्हतो. मला निघायच्या आदल्या दिवसाची दुपार आठवत होती, आणि त्या दुपारी मी केलेला एक विनोद.

त्या दुपारी माझ्या यादीत एकच इमारत उरली होती, ताईची. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तेव्हापासून माझी वेणीफणी सोडून सगळं तिनं केलं, असं ती म्हणते. अजूनही मला छोट्या म्हणते, आणि मी त्रेपन्न वर्षांचा आहे. भावजी गेल्यापासून ती सहाव्या मजल्यावर एकटी राहते. तीन वर्षांपूर्वी विभाग बदलले आणि तिची इमारत माझ्या यादीत आली, तेव्हा तिच्याहून जास्त आनंद मला झाला. आता दर तीन महिन्यांनी सरकारी वेळेत ताईकडे चहा! तेव्हापासून तिची इमारत मी नेहमी शेवटची ठेवतो, म्हणजे घाई नको. त्या दिवशी फाटकाशी वॉचमन उभा होता. म्हणाला, "साहेब, माणसं भरून खाली आली की चार बोटं खाली जाते. काल चौथ्या मजल्यावरच्यांची बाबागाडी अडकली." मी त्याचा हात धरून वर केला आणि म्हणालो, "अरे, तुझी बोटं केवढी बारीक! तुझी चार म्हणजे माझी अडीच." तो हसला. साहेब हसले म्हणून हसला. मग मी त्याच लिफ्टनं एकटाच वर गेलो. एका माणसाच्या वजनाला ती बरोबर थांबते. भरलेली थांबत नाही, कारण ब्रेकचं अस्तर झिजलंय, आणि झिजलेलं अस्तर रोज जरा जरा करून एक दिवस मुळीच धरत नाही. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. वॉचमननं कार्ड काढून वर आणून दिलं. ताई म्हणत होती, तिकडे गार असेल, कान झाकून हिंड. मी कार्ड मांडीवर घेतलं, दुसऱ्या हातात कप होता, आणि सही केली. इतर इमारतींत मी निदान वाकून बोटं तरी घालतो. ताईकडे मी घरच्यासारखा वागलो.

बागेत आम्ही पाठ असलेल्या बाकावर बसलो. बायको खूश होती, कुणाला तरी फोटो पाठवत होती. मी मजले मोजत होतो. त्या इमारतीतली सगळी माणसं मला तोंडपाठ आहेत. तिसऱ्यावर शिंपी, त्याच्याकडे दिवसभर गिऱ्हाइकं. चौथ्यावर बाबागाडीवालं जोडपं. सहाव्यावर ताईच्या समोरच्या दारात एक बाई, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, त्यांच्या दोन नाती. सकाळी साडेनऊला लोक कामाला निघतात तेव्हा लिफ्ट भरते, पण ते एकेका मजल्यावर थांबत, कण्हत कुंथत. खरी भरते ती दुपारी साडेचारला. शाळेची गाडी फाटकाशी लागते आणि इमारतीतली सात-आठ पोरं दप्तरांसकट एकाच वेळी आत घुसतात. कोण आधी बटण दाबतो यावर मारामारी, आणि मधल्या मजल्यांवर उड्या. मी स्वतः एकदा त्यांना दटावलंय, उड्या मारू नका, लिफ्टला इजा होते. तेव्हा त्यातली एक म्हणाली होती, "काही होत नाही, ताईआजीच्या भावानं तपासलीय." बायकोनं फोटो दाखवला. छान आलाय, म्हणालो. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती, आपल्याकडेही तेवढेच वाजले असणार.

पाच दिवस काही झालं नाही, आज काय होणार, असं मी स्वतःला समजावून बघितलं. हे समजावणं मला चांगलं जमतं, सव्वीस वर्षांचा सराव आहे. पण ज्याला ब्रेकचं अस्तर माहीत आहे त्याला पाच दिवस काही झालं नाही यात दिलासा मिळत नाही. पाच दिवस झिजलं, एवढंच त्यातून कळतं. मग मी फोनचा हिशेब मांडला. खात्यात फोन केला तर तासाभरात लिफ्ट बंद होईल. कार्ड काढतील, तारीख बघतील, सही बघतील, वॉचमनला विचारतील, आणि तो बिचारा जे झालं ते सांगेल. चौकशी, निलंबन, निवृत्तीला पाच वर्षं राहिलेली असताना तोंड काळं. ताईला फोन केला तर खात्याला काही कळणार नाही. पण ताईला कळेल. आणि खरं सांगायचं तर खात्याची भीती मला त्यामानानं कमी होती. तिनं दुसऱ्यांच्या घरी शिवणकाम करून मला शिकवलं, आणि कार्डावर मी सही करतो तेव्हा ती हातातलं काम ठेवून बघते. तिच्यासमोर उघडं पडायची मला लाज वाटत होती. पोरांच्या जिवाहून ती लाज मला मोठी वाटत होती, दुपारी चार वाजेपर्यंत तरी.

मनोऱ्याला सत्तर मजल्यांची लिफ्ट होती. रांगेत उभं असताना मी बायकोला म्हणालो, तू जाऊन ये, मला जरा गरगरतंय. ती माझ्याकडे बघत राहिली. "सकाळपासून काहीतरी बिनसलंय तुमचं. घरी काही झालंय का?" म्हणालो, अजून नाही. हा शब्द तोंडून निसटला आणि तिनं तो बरोबर ऐकला, पण मागची माणसं ढकलत होती आणि ती आत गेली. काचेच्या केबिनमधून तिनं हात केला. मग केबिन वर गेली, बघता बघता बोटाएवढी झाली, आणि मी खाली, मान वर करून, उभा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला तिची काळजी वाटत नाहीये. माझी बायको जमिनीपासून दोनशे मीटर वर एका दोराला लटकली होती, आणि मी निवांत होतो, कारण या शहरात कुणीतरी बाई सकाळी पालथी पडून पट्टी लावते. आणि सहा मजल्यांच्या एका जुन्या इमारतीसाठी मात्र मी सकाळपासून घड्याळ बघत होतो, कारण तिथे पट्टी लावणारा मी होतो. चार दिवस मी ज्या शहराचं वकीलपत्र घेऊन भांडत होतो, त्या शहरात जे काही बिघडलेलं होतं त्यातलं थोडं मी स्वतः माझ्या हातानं बिघडवलं होतं, हे मला त्या गर्दीत उभं राहून अगदी स्वच्छ दिसलं. चार वाजून पाच मिनिटं झाली होती. मी फोन काढला.

फोन लागायला पंधरा मिनिटं गेली, तोवर मी एक थाप तयार ठेवली. ताईनं पहिल्याच घंटेला उचलला. "छोट्या! अरे कसं आहे ते शहर? तिचा गुडघा कसा आहे? काल फोनवर सांगत होती."

"बरा आहे. ताई, ऐक. थोडे दिवस लिफ्टनं ये-जा करू नकोस. त्या कंपनीच्या लिफ्टमध्ये काहीतरी दोष निघालाय म्हणे. आमच्या खात्यातून आत्ताच कळलं."

"मी कुठे जाते लिफ्टनं," ताई म्हणाली.

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. "तुझ्या इमारतीतली लिफ्ट म्हणतोय मी."

"तीच रे. मी जिन्यानंच जाते. तीन वर्षं होतील आता."

"का?"

पलीकडे तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग ती सावकाश बोलली, मी लहान असताना ताप आला की बोलायची तशी. "तू चहा पिता पिता सही करतोस ना. पहिल्यांदा वाटलं, आधी खाली सगळं बघून आला असशील. मग वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, साहेब थेट वरच येतात."

तीन वर्षं. भाजीची पिशवी घेऊन, पावसात छत्री सांभाळत, दवाखान्यातून येताना, अजूनही न टाकलेला जुना जड कंदील दुरुस्तीला नेताना. सहा मजले. आता मला आठवायला लागलं, मी गेलो की कधी कधी ती माझ्या मागून दारात यायची, छातीवर हात ठेवून, आणि मी म्हणायचो, ताई, म्हातारी झालीस, हृदय दाखवून घे. तीही म्हणायची, दाखवते.

"मला बोलली का नाहीस?" मी म्हणालो. आवाज माझा मलाच लहान वाटला.

"काय बोलू? तू किती कौतुकानं करायचास ती सही. आणि नोकरी आहे तुझी. सवय होते रे जिन्याची, तिसऱ्यावर थांबते जरा."

"आणि बाकीचे, ताई?"

माझ्या भोवती मनोऱ्याखाली माणसं हसत होती, फोटो काढत होती. बायको खाली उतरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती.

"बाकीच्यांना काय सांगणार होते?" ताई म्हणाली. "लिफ्ट माझा भाऊ बघतो, म्हणून बसू नका? रोज साडेचारला मी दाराशी उभी राहते. पोरं कुठल्या कुठल्या मजल्यावर उतरली ते आवाजावरून मोजते. सगळी उतरली की मग चहा ठेवते. मला वाटायचं, तू कधीतरी विचारशील."

मनोऱ्याच्या घड्याळात चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. "ताई, आता सांग. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांग, बसू नका म्हणून."

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं मला कशालाही नाही म्हटलेलं नव्हतं. "समोरच्या बाई घरी आहेत. फोन नेऊन देते. तूच सांग."

नको, थांब, असं मला म्हणता आलं असतं. मी म्हणालो नाही. तिच्या चपलांचा आवाज आला, कडी, मग समोरची बेल. दार उघडलं. ताई हलकेच म्हणाली, "माझा भाऊ बोलतोय. तुम्हाला काही सांगायचंय त्याला."

"बोला बोला!" बाईंचा आवाज खणखणीत. "सुट्टी काय म्हणते? बरं झालं तुम्हीच सापडलात. जरा दटावा तुमच्या ताईंना. या वयात सहा मजले चढतात हो! मी रोज म्हणते, अहो, आत तुमच्या सख्ख्या भावाची सही आहे. आम्ही तुमच्या भावाच्या भरवशावर नातींना पाठवतो, आणि तुम्हालाच भीती?"

बायकोनं माझा दंड धरला होता. बहुतेक तिला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"बाई," मी म्हणालो, "ती सही मी लिफ्ट न बघता केलीय. दर वेळी तशीच केलीय. ब्रेक झिजलाय, भरलेली लिफ्ट तो धरणार नाही. कुणालाही बसू देऊ नका. वॉचमनला सांगा, गच्चीवरच्या लिफ्टच्या यंत्राच्या खोलीतला मोठा खटका खाली ओढ. खात्याला मी आता फोन करतोच, पण तुम्ही आधी पोरांना थांबवा."

पलीकडे फोन कशावर तरी आपटला, लांबून शाळेच्या गाडीचा भोंगा ऐकू आला, आणि जिन्याच्या पोकळीत त्या बाईंचा, आयुष्यभर मैदानभर पोचलेला आवाज घुमला, "बसू नका! कोण आहे खाली? पोरांनो, बाहेर या, बसू नका!" आणि त्यांच्या मागोमाग, धापा टाकत, एकेक मजला खाली उतरत जाणारा ताईचा आवाज, बसू नका, बसू नका.